बावीस इंची दारातून जाणारी खुर्ची

सर, घरी बसून हौसेपुरती ड्रॉइंगं काढायला कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं, हे तुम्हाला विचारायचं होतं. तुम्ही गेल्याला खूप वर्षं झाली, आणि आयटीआयमध्ये तुम्ही आम्हाला बोर्डावर पेन्सिलीनेच शिकवलंत, तरी विचारावंसं वाटलं. या घरात असलं काही विचारावं असं कोणी नाही. नेरळला तिसऱ्या मजल्यावर राहतो आम्ही. नवरा सकाळीच खालापूरकडे कंपनीत जातो. सासूबाईंना अर्धांग झाल्याला दोन वर्षं होतील. इमारतीला लिफ्ट नाही, त्यामुळे त्या खाली उतरत नाहीत, आणि त्यांना एकटं सोडता येत नाही म्हणून मीही उतरत नाही. दुपारी त्यांचा डोळा लागतो, तो तास-दीड तास काय तो माझा.

न्हाणीघराचं दार बावीस इंचांचं. बाजारातली चाकांची खुर्ची त्यातून जात नाही, म्हणून त्यांना पलंगावरच पुसून घ्यावं लागायचं. एका दुपारी वाटलं, खुर्ची आपणच आखावी. नवऱ्याचा जुना लॅपटॉप होता. पहिलं सॉफ्टवेअर फुकट मिळालं, पण त्यात काढलेलं सगळं इंटरनेटवर कोणालाही दिसणार होतं. आमच्या न्हाणीघराची मापं चारचौघांत मांडायला मन धजेना. दुसरं छान होतं, हात लगेच बसला. महिनाभर फुकट एवढंच मी वाचलं होतं, पुढचं वाचलं नव्हतं. महिना संपला त्या दुपारी खुर्ची पडद्यावर दिसत होती, फिरवून बघता येत होती, पण एक रेघ हलवता येईना. वर्षाची वर्गणी भरा, नाहीतर नुसतं बघा. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेण्याचीही सोय नव्हती. आतून सासूबाई हाका मारत होत्या आणि मी माझ्याच खुर्चीकडे बघत बसले होते.

तेव्हा तुम्ही आमच्याकडे आला होतात तो दिवस आठवला. माझ्या लग्नाला वर्ष झालं असेल. कुंभिवलीच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समनची जागा निघाली होती, ते सांगायला तुम्ही स्टेशनपासून उन्हात चालत आलात. मी स्वयंपाकघरात चहा टाकते आहे. बाहेर सासूबाई म्हणतात, "तिलाच नको हाय नोकरी." तुम्ही थांबता, बहुधा माझ्यासाठीच. मी साखर ढवळत राहते. चहा घेऊन आले तेव्हाही तुम्ही माझ्याकडे बघितलंत, आणि मी कपबशी पुढे केली.

तिसरं सॉफ्टवेअर कायमचं फुकट आहे आणि फाइल आपल्याच लॅपटॉपवर राहते. शिकायला मात्र अवघड, आणि लॅपटॉप मधेच मान टाकतो. पहिल्या रेघेपासून सगळं पुन्हा काढलं. चौक गावच्या वेल्डरला मोबाइलवर पाठवलं तर म्हणाला, मोबाइलवर मापं दिसत नाहीत, कागदावर द्या. नवऱ्याबरोबर प्रिंट पाठवली. दुसऱ्या दिवशी वेल्डरचा फोन आला, "ताई, दांडीची उंची लिवलीच नाय तुमी." याच चुकीसाठी तुम्ही एकदा माझी अख्खी शीट परत केली होती. माप तू विसरतेस आणि चूक कारागिराच्या नावावर जाते, असं सगळ्या वर्गासमोर म्हणाला होतात. तेव्हा मला फार लागलं होतं.

खुर्ची दारातून गेली, दोन्ही बाजूंना बोटभर जागा ठेवून. कितीतरी महिन्यांनी सासूबाईंनी डोक्यावरून पाणी घेतलं. मी पाठ चोळत असताना त्यांनी विचारलं, ही तू काढलीस का. मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, "मंग तवा त्या मास्तरांसमोर बोललीस का नाय गं?"

मला राग यायला हवा होता. मी तांब्या भरला आणि त्यांच्या खांद्यावर ओतला.

परवा नवरा म्हणाला, खुर्ची झाली, आता तो लॅपटॉप देऊन टाकू. मी म्हटलं, इतक्यात नको, चाकांत अजून सुधारणा करायची आहे, वेळ लागेल. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून तुम्हाला खरं सांगते. दुपारी मी कसलीही ड्रॉइंगं काढत बसते, बिजागऱ्या, झाकणं, कोणालाही नको असलेलं काहीतरी, आणि मापं सगळी लिहिते. चाकं उत्तम फिरतात, सर.