सासूबाईंच्या नावाने तक्रार

३ जून
नव्या साहेबांना आम्ही डॅशबोर्ड म्हणतो, कारण ते माणसाशी बोलतानाही स्क्रीनकडेच बघतात. आज त्यांनी जाहीर केलं की पार्सलच्या तक्रारींना यापुढे मशीन उत्तर देणार. महिनाभर ट्रायल. नापास झालं तर परत, पास झालं तर तक्रार विभाग बंद. तक्रार विभाग म्हणजे मी. माझं टेबल आत्ताच पाण्याच्या फिल्टरशेजारी ढकललंय. एकेकाला बघून घेईन.

४ जून
सूड ठरला. सगळी नोकरी तक्रारी वाचण्यात गेली. समोरच्याला जेरीस कसं आणायचं ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक? सासूबाईंच्या नावाने खातं उघडलं. त्या वेगळ्या राहतात, आडनावही वेगळं. संशय शून्य. पहिली तक्रार: घड्याळ फुटकं आलं, तेही मी झोपले असताना. मशीनने लगेच माफी मागितली. नुसती लाडीगोडी!

९ जून
आज नाकी नऊ आणले. तक्रार अर्धवट सोडून गुडघेदुखीवर घसरलो आणि शेवटी उलट विचारलं, मी काय सांगत होते? मेल्याने बरोब्बर सांगितलं. वर सासूबाईंच्या घरी फुलांचा गुच्छ धाडला. त्यांनी हिला फोन केला म्हणे, जावयाला हे कधी सुचलं नाही. आता सूड सासूबाईंवरही.

१५ जून, दुपारी
डॅशबोर्ड खुशीत. हल्ली अवघड तक्रारी येताहेत, म्हणाले. मी चेहरा पाडून म्हणालो, लोक फार चिडलेत. छान, म्हणाले. उसनं अवसान! आतून पार हादरलाय माणूस.

२२ जून
ब्रह्मास्त्र सोडलं. पार्सल मी मागवलंच नव्हतं, तरी ते उशिरा का आलं? उत्तर आलं: तुमचा राग समजतो, आजवर तुमचं कुणी ऐकूनच घेतलं नसेल.
डोळे भरून आले. या ऑफिसात मला असं कुणी म्हटलेलं नाही. उठून पाणी प्यायलो. सूड चालूच राहील. उद्या दोनदा लिहीन.

३० जून
मीटिंग. डॅशबोर्ड म्हणाले, मशीन परतच जाणार होतं. तक्रारी इतक्या सोप्या की त्याला शिकायला काही मिळेना. मग एक खवट म्हातारी भेटली. तिच्याशी डोकं लावून लावून ते तयार झालं. टाळ्या. सवयीने मीही वाजवल्या. विभाग आजपासून बंद. म्हातारीला आभारपत्र पाठवायचंय, जाता जाता तेवढं लिहून द्या, म्हणाले.
पेन घेऊन बसलो. मायन्यापुढे काही सुचेना. शेवटी मशीनलाच सांगितलं. लगेच दिलं. एक शब्द बदलावासा वाटला नाही.