क्षयाचे पेढे

गिरगाव, मुंबई
ता. १२ मार्च १९५८

तीर्थस्वरूप नाना यांना जावई चिंतामणीचा साष्टांग नमस्कार. आपला दमा आणि सासूबाईंचे गुडघे सध्या सलोख्याने वागत असतील अशी आशा आहे. मी मजेत आहे. म्हणजे मला क्षय झाला आहे. पण घाबरू नका, सविस्तर सांगतो.

दिवाळीनंतर माझ्या मानेवर सुपारीएवढी गाठ आली. संध्याकाळी कणकण, आणि वाळलो तर इतका की माझेच सदरे थोरल्या भावाचे वाटायला लागले. कोपऱ्यावरचे डॉक्टर गंगाधरपंत (वीस वर्षांत पेशंटला 'बसा' म्हणालेले नाहीत) गाठ चाचपून म्हणाले, "चहा घेणार?" तिथेच मी काय ते ओळखलं. परळच्या मोठ्या इस्पितळात फोटो काढला, तर छातीतही डाग. बडे डॉक्टर आपसांत इंग्रजीत कुजबुजले. चाळीत कॅन्सरचं नाव कुणी घेईना, सगळे नुसतं 'ते' म्हणायचे. मुंबई महाराष्ट्राला मिळेल तेव्हा आपण नसू, म्हणून मी मोर्च्यांत आताच घसा फोडून घेतला (गाठ ठणकायची, पण आवाज बरा लागायचा).

तिथल्या तरुण डॉक्टर पद्मजाबाई तेवढ्या म्हणाल्या, डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी काही म्हणणार नाही. त्यांनी गाठीचा तुकडा काढला, त्याचे पातळ काप काचांवर ठेवून रंगवले आणि तांदळातला खडा शोधावा तशा दोन दिवस सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसल्या. मग मला बोलावून म्हणाल्या, "या, तुम्हीच बघा." नाना, काय सांगू तुम्हाला. सगळीकडे निळं, आणि त्यात तीनच लाल काड्या, केसाहून बारीक. क्षयाचे जंतू. कॅन्सर नाही. माझा जीव त्या तीन काड्यांत होता, आणि माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाच्या मुलीने तो हुडकून काढला. मी हात जोडले. बाईंना की जंतूंना, ते अजून ठरत नाही.

येताना पेढे घेतले आणि "मला क्षय झाला" म्हणत चाळभर वाटले. लोकांनी ते चिमटीत धरले. शेजारच्या अंबिकाबाईंनी आपला पेढा भक्तिभावाने कपाळाला लावून तुळशीच्या कुंडीत ठेवला. वर्षभर इंजेक्शनं आणि गोळ्या घेतल्या की मी बरा होईन, असं पद्मजाबाई म्हणतात.

आपला, आता जगणार असलेला जावई,
चिंतामणी

ता. क. सासूबाईंना लगेच मुंबईला पाठवा. माझ्या पथ्याच्या स्वयंपाकासाठी बोलावलंय, असं सांगा.

आणखी एक. स्वयंपाक मीच करतोय. आपली लीला हे सगळे महिने एकदाही रडली नाही, उलट मलाच धीर देत होती. कॅन्सर नाही हे कळल्यापासून मात्र रडते आहे, आज चौथा दिवस. मी समजूत घातली की जास्तच रडते. तिला आई हवी आहे.