जुईचा पट्टा

धसई, ता. मुरबाड
१२ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. हर्षालीस,
कमळूदादाचे अनेक आशीर्वाद.

तू माझा फोन उचलत नायस. जावई जीवनराव आज इकडे आलेत, त्यांच्या हाती हे पत्र देतो. जुईच्या हाताचं प्लास्टर कधी निघणार ते त्यांनी सांगितलं. कपाळावरच्या टाक्यांचं विचारायची माझी हिंमत झाली नाय.

आईने तुला सांगितलं, की पोरगी रडली म्हणून तिनेच तिला बाळसीटमधून काढून मांडीवर घेतलं. ते खोटं आहे गो. ती मला वाचवतेय.

जुईला आईसोबत इकडे धाडताना आसनगावला तू स्वतः माझ्या गाडीत मागे बाळसीट बांधलीस, पट्टा दोनदा ओढून बघितलास. जुई झोपून गेली. किन्हवलीला मामाच्या घरचे तिघं रस्त्यात उभे दिसले. त्यांना जागा हवी म्हणून मीच सीट सोडून डिकीत टाकली आणि झोपलेली जुई पुढे आईच्या मांडीवर दिली. आई नको म्हणत होती. "हर्षालीला काय सांगू मी?" म्हणाली. मी हसण्यावारी नेलं. सरळगावच्या अलीकडे म्हैस आडवी आली, मी ब्रेक दाबला, आणि जुई आईच्या हातातून सुटून समोर आपटली.

चौदा वर्षांखालच्या पोराला बाळसीट नायतर पट्टा लागतो, हा कायदा मला ठाऊक होता. भाड्याची गाडी चालवतो मी. नाक्यावर पोलीस असतो म्हणून माझा पट्टा तेवढा लावला होता. मला खरचटलंसुद्धा नाय.

लोभ ठेव असं मागायला तोंड नाय.

तुझा दादा,
कमळू

आसनगाव, ता. शहापूर
१६ फेब्रुवारी २०२५

ती. कमळूदादास,
हर्षालीचा नमस्कार.

पत्र पोचलं. काल जुईचे टाके काढले. बरी आहे, पण गाडीचं दार लागल्याचा आवाज आला की मला घट्ट धरते.

तुझा राग आलाय, तो एवढ्यात जायचा नाय. पण दवाखान्यात सगळ्यांसमोर मी आईला म्हटलं होतं, "तुझ्या हाती पोर दिली हीच माझी चूक." मग नऊ दिवस मी तिच्याशी बोलले नाय.

काल मीच आईला फोन केला. जुई बरी आहे म्हटल्यावर रडली, आणि पुन्हा तेच, "माझंच चुकलं गो. मीच काढली तिला."

तुझं पत्र आल्याचं मी तिला सांगितलं नाय. ते तू सांग. सांगितलंस की तिला इकडे घेऊन ये.

आईला साष्टांग नमस्कार. आपल्या लोभाचं ती आल्यावर बघू.

हर्षाली