नकाशातली बोटभर जागा

बेंगळूर, शनिवार संध्याकाळ, जानेवारी १९५७

आज जयनगरच्या शाळेत भिंतीवर नव्या राज्याचा नकाशा रंगवला. बेळगावपाशी सीमेची रेघ आली तेव्हा माझा हात आपसूक वळला. रेघ बोटभर खाली घेतली आणि आमचं गाव वर, मुंबई राज्यात ठेवलं. कुणाला कळणार होतं? बोटभर तर जागा.

हेडमास्तरांना कळलं. पुस्तकातला नकाशा शेजारी धरून बघितला आणि हसले. "काय अप्पा, सरकारनं एवढं राज्य मोठं केलं आणि तू स्वल्प कापून देतोस?"

"चुकून झालं, सर."

"तिकडचाच काय तू?"

"नाही सर. इथलाच."

असं का बोललो? काम जाईल म्हणून? माणूस वाईट नाही, हो म्हटलं असतं तरी हसलेच असते. मीच टर्पेंटाइनच्या फडक्यानं रेघ पुसली आणि गावाच्या वरून सरळ ओढली. "सरी, आता बरोबर," म्हणाले आणि कॉफी मागवली. मी प्यालो.

त्याच बोटभर जागेसाठी गावाकडे माझे वडील, आबा, मोर्चात गेले होते. लाठी बसली, उजवा हात अजून खांद्याच्या वर जात नाही. पत्रं शेजाऱ्याकडून लिहून घेतात. मागच्या पत्रात विचारलं होतं, तिथल्या लोकांना आपलं गाव कुठलं ते सांगतोस का रे?

उत्तर लिहायला बसलोय. तब्येत बरी आहे, काम बरं आहे, एवढंच लिहून झालं. माझा उजवा हात चांगला चालतो. हेडमास्तर कॉफी देताना म्हणाले, रेघ मारावी तर अशी.