गॅलरीतली गाठ

अहो,

शेवटी मी एकटीच आले तुमच्या बंदरावर. "तिथे काय बघायचंय, नुसता गोंगाट आणि तेलाचा वास," असं म्हणत नोकरीभर मला टाळलंत. इथे तर डोळ्यांचं पारणं फिटलं माझ्या. डोक्यावरून घराएवढे कंटेनर चाललेत, हातगाडीवाले "मावशी, बाजूला" म्हणून ओरडतायत आणि मी मधोमध उभी. सकाळपासून पायांना भिंगरी लागलीय. एकदा रस्ता चुकले, मग मजा वाटली म्हणून मुद्दाम चुकले.

धक्क्यावर एक खलाशी नाव बांधत होता. त्याची गाठ बघून मी थबकलेच. आपल्या गॅलरीत कपड्यांच्या दोरीला तुम्ही मारायचात, तीच. दोरी बदलताना दरवेळी मी ती सुरीने कापायचे आणि तुम्ही गालातल्या गालात हसायचात.

"ही सोडवतात कशी हो?" मी विचारलं.

त्याने नुसतं एक टोक ओढलं. झालं. मी इतकी हसले की तो बिचारा बावरला.

तुम्हाला जाऊन वर्ष झालं, तुमची शेवटची गाठ गॅलरीत तशीच आहे. यापुढे धुणं खुर्च्यांवर वाळेल. चुकून टोक ओढलं गेलं तर?

तुमची,
घरची मुकादम