गुडघा टेकल्यावर

नेरे, मामांच्या घरून

प्रिय वैषू,

कोरियन केंद्रातून तुला काढलं, हे आईकडून कळलं. पाहुण्या पैलवानाला, म्हणजे मला, नियमच सांगितले नाहीत, असा तुझ्यावर ठपका ठेवलाय म्हणे. तीन वर्षं मान मोडून ती भाषा शिकलीस, लवळ्याच्या त्या केंद्रात दुभाषी झालीस, आणि आता माझ्यापायी घरी बसलीस.

त्यांच्या सुगीच्या सणाला आपल्या सगळ्या रिहे गावाला बोलवायचं, ही हौस तुझीच. वाळूचा आखाडा, कमरेला नि मांडीला कापडी पट्टा, आणि समोर त्यांची कुस्ती शिकवणारे चोई सर, शेवग्याच्या शेंगेसारखे. मी मनातल्या मनात हसलो. पट्ट्याला हात लागतो न लागतो तोच त्यांनी मला उचलून गुडघ्यावर आणलं. गाव हसलं गं. दहा वर्षं तालमीत घाम गाळलेल्या माझ्यावर, कुशाबा वस्तादांच्या देखत!

त्यांनी पट्टा सोडला आणि वाकून मला उठवायला हात दिला. तोच हात धरून मी ढाक मारून त्यांना वाळूत आपटलं. ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला, खांदा निखळला. तरी मी थांबलो नाही. मानेवर गुडघा देऊन त्यांचं तोंड वाळूत दाबलं. ते माझ्या मांडीवर थापा मारत होते, नाकातोंडातून रक्त येत होतं, आणि मला बरं वाटत होतं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटत होतं. तू धावत येऊन माझे केस ओढलेस तेव्हा तुलाही कोपर हाणलं. तुझा ओठ फाटलेला मी पाहिला, तरी गुडघा काढला नाही. शेवटी चौघांनी मला ओढून बाजूला केलं.

पोलिसांपुढे वस्ताद म्हणाले, "आमच्यात पाठ टेकल्याबिगर कुस्ती सुटत न्हाई सायेब. पोराला त्यांचं काय म्हाईत?" चुकून झालं, असं ठरलं. मी खाली मान घालून इथे मामांकडे आलो.

पण आदल्या दिवशी ओसरीवर, आईच्या जुन्या लुगड्याचा पट्टा बांधायला शिकवताना, तू मला दोनदा बजावलं होतंस की गुडघा टेकला की खेळ संपला. मला सगळं समजलं होतं. आणि केंद्रात विचारलं तेव्हा तू म्हणालीस, सांगायचं राहून गेलं. भाऊ वाचावा म्हणून.

चोई सरांचा हात आता खांद्याच्या वर जाणार नाही, असं डॉक्टर म्हणतात. हे पत्र त्यांच्या भाषेत कर आणि त्यांना वाचून दाखव. माझी लाज राखायला एकही शब्द मऊ करू नकोस. दुसरी प्रत माझ्या खिशात आहे, ती घेऊन मी पोलीस ठाण्यात निघालोय.

तुझाच दादा,
निरंजन