दुकानदाराने शिवलेला रुमाल

बाईसाहेब,

टेबलावरच्या खोक्यात हेडफोन आहेत, तुझ्यासाठी. "कशाला आणलेस?" हे मी आल्यावर विचार, आधी कानाला लावून बघ.

दुकानदार म्हणाला, "काकू, गाणं लावून देतो, आवाज बघा." मी म्हटलं, गाणी राहू देत, माझ्या मुलीला अभ्यासाला शांतता हवीय. शिलाई मशीन तेलपाणी करून घरी आणतच होते, ते सरळ त्याच्या काउंटरवर ठेवलं, वायर जोडली आणि त्यालाच शिवायला लावलं. स्वतःचा रुमाल शिवला बिचाऱ्याने! पहिले दोन हेडफोन लावूनही खडखड जशीच्या तशी. तिसरे लावले, तर काउंटर हादरताना दिसतोय आणि आवाज गायब. तेच उचलले. कान पूर्ण झाकतात, परीक्षेला जाताना गाडीतही कामाला येतील. रस्ता ओलांडताना मात्र गळ्यात ठेवायचे.

परवा "या घरात अभ्यास होणं शक्य नाही" म्हणून दार आपटलंस आणि मैत्रिणीकडे अभ्यासाला जायला लागलीस, ते मी मनावर घेतलेलं नाही. मशीनने घेतलं असावं, तेव्हापासून घरात गप्प आहे. गणवेशांचा ढीग तसाच पडलाय.

बटणं आणायला जातेय. आल्यावर शिवायला बसणार, कुणाचंही ऐकणार नाही. तू पुस्तकं घरी आण आणि खुशाल माझ्या शेजारी बस. जेवायला हाक मारली तर तुला ऐकू येणार नाही, म्हणून खांद्यावर हात ठेवीन. दचकलीस तरी चालेल, झटकू नकोस.

आई